उणे तीस अंशांचा कोट

पुण्यात दोन वर्षं काढून नीरजा बंगळुरूला परतली ती दोन गोष्टी घेऊन: पॉलिमर रसायनशास्त्रातली एम.एस्सी. आणि दुरुस्त केलेली मराठी. पहिलीचा घरच्यांना अभिमान होता. दुसरीचा जाच होता.

चामराजपेटेतल्या त्यांच्या घरात मराठी बोलली जात होती ती शहाजीराजांच्या काळापासून. फौजेचे अंगरखे शिवायला आलेलं शिंप्यांचं घराणं. फौज गेली, अंगरखे गेले, घराणं राहिलं, असं घरात सांगत. एवढ्या काळात शेजारच्या कन्नडचा जेवढा रंग उतरायचा तेवढा उतरला होता. भाजीवालीला 'स्वल्प जास्ती घाल' म्हणायचं, पटलं की 'सरी' म्हणायचं, थोरल्या बहिणीला अक्का म्हणायचं. यात काही वेगळं आहे हे नीरजाला एकवीस वर्षं माहीतच नव्हतं. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात ती "सरी, मी येतो" म्हणाली आणि खोलीतल्या तीन मुली पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून तिनं भाषेकडे प्रयोगशाळेतल्या तराजूसारखं पाहायला सुरुवात केली. आधी शून्य नीट लावायचं, मग मोजायचं. परतली तेव्हा ती डिग्रीला अंश म्हणत होती, फ्रीजला शीतकपाट म्हणायच्या बेतात होती आणि मायनसला न चुकता उणे म्हणत होती.

"घरात दिवसभर बातम्या लागल्यासारखं वाटतं," असं तिची आई, रंजिता, शेजारणींना सांगायची.

नोकरी तिला यशवंतपूरच्या एका कारखान्यात मिळाली. बसच्या दारांना आणि ट्रकच्या खिडक्यांना लावायच्या रबरी पट्ट्या तिथं होत. कडाक्याच्या थंडीत रबर कडक होऊन काचेसारखं का तडकतं, हा नीरजाचा विषय. बंगळुरूत बसून या विषयात रस घेणारी ती बहुधा एकटीच असावी. म्हणूनच डिसेंबरात तिचे साहेब, शिवकुमार, एक पत्र घेऊन आले. जानेवारीत चीनच्या उत्तरेला, हार्बिन शहरात, थंड प्रदेशातल्या वाहनांवर परिषद होती आणि आपल्या पट्टीवर कोणीतरी बोलायचं होतं.

"रबर कळणारे इथं बरेच आहेत," शिवकुमार म्हणाले. "पण मफलरशिवाय नंदी हिल्सला जाणारी तू एकटीच."

नीरजानं त्याच दिवशी हार्बिनबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सव्वाशे वर्षांपूर्वी रशियनांनी तिथून रेल्वे नेली आणि रेल्वेबरोबर अख्खं गावच उभं केलं: हिरव्या घुमटाचं चर्च, दगडी फरसबंदीचा लांबलचक रस्ता, नक्षीदार सज्जे, बेकऱ्या. रशियन पुढे गेले. पाव मात्र राहिला, आणि त्याचं नावही रशियनच राहिलं, फक्त चिनी जिभेनं ते वळवून घेतलं. हिवाळ्यात नदी गोठते, तिच्यातून बर्फाच्या लाद्या कापतात आणि त्यांचे महाल बांधतात. परिषदेच्या आठवड्यातला अंदाज होता रात्री उणे तीस.

"गरम कपडे मिळतात त्या ॲपवर बघ," रंजिता म्हणाली. "फुगलेले कोट असतात बघ, उशीसारखे."

"नको. कोट आप्पाजी शिवतील," नीरजा म्हणाली.

आप्पाजी म्हणजे तिच्या वडिलांचे काका. वय चौऱ्याहत्तर. पेटेतल्या तिसऱ्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं आणि पाटीवर अजून 'कोट व सूट' असं होतं. तरुणपणी त्यांनी कॅन्टोन्मेंटमध्ये, मायदेशी न गेलेल्या म्हाताऱ्या साहेबांचे कोट शिवले होते. आता गेली दोन वर्षं एकही कोट आला नव्हता. नवरदेव मॉलमध्ये जात. आप्पाजींकडे येत ते लांब जीन्स आखूड करायला. "पायजमे कापणारा न्हावी झालोय मी," असं ते म्हणत, आणि दिवाळीला त्यांनी सांगून टाकलं होतं की उगादीला, पाडव्याला, दुकान कायमचं बंद. नीरजाला ते सहन होत नव्हतं. लहानपणी तिला पहिल्यांदा मोजायला शिकवलं होतं ते त्यांच्याच टेपनं.

ती गेली तेव्हा आप्पाजी तोंडात टाचण्या धरून मशीन चालवत होते. कोटाचं नाव काढताच मशीन थांबलं नाही, पण हळू झालं.

नीरजानं कागद पुढे केला. त्यावर तिनं थरांची जाडी, उष्णता अडवण्याचा गुणांक, वाऱ्याचा वेग, सगळं टाइप करून आणलं होतं.

"कागद बघून औषध देतात," आप्पाजी टाचण्यांच्या फटीतून म्हणाले. "कोट नाही. तोंडानं सांग. कुठं घालणार?"

"हार्बिनला. चीनमध्ये. रशियनांनी वसवलेलं गाव आहे, आप्पाजी. चर्च, दगडी रस्ते, सगळं त्यांच्या धाटणीचं."

"म्हणजे कॅन्टोन्मेंट." त्यांनी मान डोलावली. "बघणार कोण?"

"शंभरेक लोक. सगळे इंजिनिअर."

"मग कुणी नाही. हवा कशी?"

नीरजानं शब्द नीट उच्चारला. "उणे तीस."

मशीन घरघरलं. "ऊन तीस?"

"हो. कधी कधी जास्तच."

"सरी," आप्पाजी म्हणाले आणि टाचण्या काढून त्यांनी टेप गळ्यात टाकला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो गळ्यात पडत होता. तिची मापं घेताना ते एकही आकडा लिहीत नव्हते, आणि नीरजाला त्या आकड्यांना पुरावा नसल्याची काळजी वाटत होती.

पुढचे दहा दिवस कोट कुणाला दिसला नाही. ट्रायलआधी कोट दाखवायचा नाही, हा आप्पाजींचा नियम होता. कधी मात्र ते संध्याकाळी घरी फोन करून एखादा प्रश्न विचारत. नीरजा प्रत्येक प्रश्नाला विचार करून, नेमकं उत्तर देई.

"गॉगल घालणार काय गं तिथं?"

"घालायलाच हवा, आप्पाजी. प्रकाश इतका परावर्तित होतो की डोळे दुखतात."

"मग वरती एक खिसा ठेवतो. घाम येतो?"

"भरभर चाललं तर येतो. आणि घामच सगळ्यात वाईट. तो अंगावर राहता कामा नये."

"बरोबर. मी तेच म्हणतो. पाणी कसलं पितात?"

"ऊन पाणी. सगळे थर्मास घेऊन फिरतात."

"चिनी लोक शहाणे गं," आप्पाजी हळूच म्हणाले.

आठव्या दिवशी त्यांनी बर्फाच्या महालांबद्दल विचारलं. खरंच महाल? माणूस आत जाईल एवढे? आणि टिकतात? नीरजा म्हणाली, दोन महिने टिकतात. "काय कला आहे!" आप्पाजी म्हणाले आणि इतके भारावले की फोन न ठेवताच मशीनकडे गेले. आपल्या विषयात घरातलं कोणीतरी एवढं रमतंय, या आनंदात नीरजा पाच मिनिटं मशीनचा आवाज ऐकत राहिली.

निघायला पाच दिवस असताना ट्रायलचं बोलावणं आलं.

आप्पाजींनी पांढऱ्या चादरीतून कोट काढला आणि तिच्या खांद्यांवर टाकला. टाकला म्हणण्यापेक्षा तो येऊन बसला. आरशात नीरजाला एक वेगळीच बाई दिसली. खांदे तिचे, पण कुणीतरी नीट समजावून सांगितलेले. पाठीवर एक सुरकुती नव्हती. हात वर केला तर बाही बरोबर येत होती, खाली केला तर जागेवर जात होती. असं कापड तिच्या अंगाला आयुष्यात लागलं नव्हतं.

लागलं, हेच खरं तर नीट कळत नव्हतं. कोट साखरेच्या रंगाचा होता. लिननचा. अस्तर नव्हतं. दाराकडून झुळूक आली ती पुढून आत शिरून पाठीकडून बाहेर गेली.

"हवा खेळते की नाही?" आप्पाजी म्हणाले.

"खेळते," नीरजा म्हणाली.

"अस्तर घातलंच नाही. साहेब लोक उन्हाळ्यात असाच घालायचे. कडांचे सारे टाके हाताचे, उलटा करून बघ, बाहेर कुठलं आणि आत कुठलं ते कळायचं नाही. ऊन तीस म्हणालीस ना, तेव्हाच मी ठरवलं. तीसला लिननच. आणि मला नवल वाटतं ते त्या बर्फाचं! एवढ्या उन्हात महाल दोन महिने उभे ठेवतात! त्यासाठीच तुला बोलावलंय ना? ते वितळू नयेत म्हणून तुझं रबर लावणार?"

नीरजाच्या डोक्यात गॉगल, घाम आणि थर्मास एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसले. तिची सगळी उत्तरं बरोबर होती. एकही खोडायला जागा नव्हती. तिनं आप्पाजींकडे पाहिलं. त्यांनी दाढी केली होती. ट्रायलच्या दिवशी ते करत.

"छान झालाय, आप्पाजी," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. रंजिता आधी हसली, मग डोळे पुसून पुन्हा हसली, आणि मग गंभीर झाली.

"मायनस म्हणायला काय झालं होतं तुला?"

"उणे हा शुद्ध शब्द आहे, आई."

"शुद्ध आहे, म्हणून गोठून मर. उद्या जाऊन सांग त्यांना. नाहीतर सांगू नको. तो कोट बॅगेत टाक, वरून उशी घाल. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

नीरजाला दोन्ही मार्ग पटेनात. सांगितलं तर दोन वर्षांतला एकुलता एक कोट चुकीचा ठरणार. न सांगता बॅगेत टाकला तर असा कोट घडीत राहणार. तिनं ठरवलं, सकाळी राजाजीनगरला जाऊन जाड कोट घ्यायचा आणि मग बघू. पण सकाळी साडेनऊलाच फोन आला तो मल्लाप्पाचा. आप्पाजींच्या दुकानाला लागून त्याचं बटणं-अस्तरांचं दुकान होतं; माणूस निपाणीकडचा, दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणारा, आप्पाजींना अण्णा म्हणणारा.

"अक्का, जरा येता काय? अण्णा कात्री घेऊन बसलेत. माझी चूक झाली. मी नुसतं म्हटलं, नीरजाक्का मायनस तीसला चालल्यात आणि तुम्ही पडदा शिवलाय काय."

ती धावत पोहोचली. आप्पाजी स्टुलावर बसले होते, कोट मांडीवर उलटा केला होता, आणि उसवायची बारीक कात्री कॉलरच्या टाक्याखाली गेलेली होती.

"आप्पाजी, थांबा!"

"चुकलेला कोट उसवायचा असतो," ते वर न बघता म्हणाले. "गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो. माझ्या बापानं एवढंच शिकवलं. हा उसवतो आणि शटर आजच ओढतो. उगादीपर्यंत थांबून काय करू? कानच गेले तर हात काय कामाचे?"

"कान नाही हो गेले. मी उणे म्हणाले, तुम्ही ऊन ऐकलंत."

"उणे! पावणेचारशे वर्षांत या घरात कुणी थंडीला उणे म्हटलं नाही. आम्ही उणंदुणं काढतो, ते जावा-जावांचं. मायनस म्हणायचं की गं! मल्लाप्पाला कळतं, कंडक्टरला कळतं!"

"शब्द एकच आहे मुळात," नीरजा घाईनं म्हणाली, कारण खरी माहिती कधीही उपयोगी पडते यावर तिचा विश्वास होता. "एकोणतीसमध्ये बघा, एक ऊन तीस. ऊन म्हणजेच कमी. तुम्ही ऐकलंत तेही बरोबर होतं."

"म्हणजे चूक तुझीच," आप्पाजी म्हणाले.

"माझीच."

"मग उसवतो माझा मी. तू रडू नको."

"अण्णा, अस्तर घाला की," मल्लाप्पा दारातून म्हणाला. "माझ्याकडे जाड आहे. दोन थर घाला, तीन घाला."

"या खांद्यात तीन थर? हत्तीला ब्लाउज चढवतोस?" कात्रीनं पहिला टाका कापला. टक् असा इवलासा आवाज झाला. नीरजाला तो दातात लागला.

तिला काहीतरी बोलत राहणं भाग होतं, आणि तिच्याकडे भावनेपेक्षा माहिती नेहमी आधी तयार असे. कोट बाहेर किती वेळ अंगावर असणार? हॉटेलपासून सभागृह सात मिनिटं. परत सात. जेवायला जाणं-येणं, चर्च बघणं, एक तास धरा. बाकी? बाकीचं तापमान तिनं कधी पाहिलंच नव्हतं. कागदावर सगळं बाहेरचं होतं. स्वतःच्या कागदातलं एवढं मोठं भोक पाहून तिला क्षणभर आप्पाजींचाही विसर पडला.

"एक मिनिट. एकच टाका थांबा," ती म्हणाली आणि तिनं हार्बिनला फोन लावला. परिषदेची व्यवस्था बघणारी लिऊ नावाची तिच्याच वयाची मुलगी होती. महिनाभर दोघींची इंग्रजीत पत्रापत्री चालू होती. नीरजानं व्हिडिओ चालू केला.

पडद्यावर लिऊ आली. मागच्या खिडकीवर बर्फाची जाड नक्षी होती, काचेतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. आणि लिऊ अर्ध्या बाह्यांच्या पातळ सदऱ्यात बसून काडीवरचं आइस्क्रीम खात होती.

आप्पाजींनी कात्री धरलेला हात तसाच ठेवून चष्मा वर केला. "ही कुठं बसलीय?"

"हार्बिनमध्ये. मायनस सव्वीस आहे तिथं आत्ता."

"तिला कुणी कोट देत नाही?"

नीरजानं विचारलं. लिऊ हसली आणि फोन फिरवून दाखवला. दाराशेजारी खुंट्यांची रांग होती आणि त्यांवर गाद्यांसारखे काळे, फुगीर कोट टांगलेले होते. इमारतीत नळ्यांतून गरम पाणी फिरतं, ती म्हणाली, पंचवीसच्या खाली उतरतच नाही, आणि सभागृहात तर माणसांनी आणखी चढतं. मागच्या वर्षी दोन पाहुणे लोकरीच्या कोटात बोलायला उभे राहिले आणि एकाला खुर्चीत बसवून वारा घालावा लागला.

नीरजानं भाषांतर केलं. वारा घालण्याचा भाग तिनं दोनदा केला.

आप्पाजी बराच वेळ खिडकीवरच्या नक्षीकडे, मग लिऊच्या बाह्यांकडे पाहत राहिले. "म्हणजे आत ऊन," ते म्हणाले. "किती?"

"पंचवीस. गर्दीत अठ्ठावीस. बोलणाऱ्यावर दिवे असतात. तिथं तीस धरा, आप्पाजी."

"आणि ती गादी दारातच काढून ठेवतात. सगळ्यांसमोर दिसतो तो आतलाच."

"आतलाच."

"तू मला गप्प करायला बोलत नाहीस ना?"

"मी आकडे खोटे सांगते का कधी?"

हे मात्र त्यांना मान्य करावंच लागलं. त्यांनी कोट सुलटा केला, झटकला, आणि कापलेल्या टाक्यावर बोट ठेवून मल्लाप्पाकडे पाहिलं. "बघत काय उभा? रेशमाचा दोरा दे. ह्या रंगाचा. पडदा म्हणे!"

मल्लाप्पा पळाला.

"पण ती गादी तू घेशील ती मला दाखवून," आप्पाजी नीरजाला म्हणाले. "वरून घातली तर कॉलर चेपणार नाही अशी पाहिजे." त्या संध्याकाळी त्यांनी राजाजीनगरच्या दुकानात सात फुगीर कोट नीरजाच्या अंगावर चढवून पाहिले, प्रत्येकाच्या टाक्यांकडे बघून तोंड वाकडं केलं, आणि आठवा घेऊ दिला, तोही दुकानदाराला त्याच्या बाहीचे सैल टाके दाखवून, लाज आणून.

हार्बिनला पोहोचल्यावर पहिल्या सकाळी नीरजाच्या पापण्या सात मिनिटांत एकमेकींना चिकटल्या. हिरवा घुमट बर्फात अर्धा बुडालेला होता. त्याच्यासमोर एक म्हातारी डोक्याएवढा गोल रशियन पाव विकत होती, आणि त्याचं रशियन नाव इतक्या सहज ओरडत होती की ते परकं आहे हे तिला सांगितलं असतं तर तीच हसली असती. नीरजानं पाव घेतला आणि पळत सभागृह गाठलं.

दारात तिनं गादी काढून खुंटीला लावली. आत जाडजूड स्वेटरांतले इंजिनिअर लालबुंद होऊन कागदांनी वारा घेत होते. ती दिव्यांखाली उभी राहिली, वीस मिनिटं रबराच्या तडकण्यावर बोलली, आणि तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आप्पाजींच्या दुकानात फोन लावला. पडद्यावर आधी आईचा कान दिसला, मग मल्लाप्पाचं नाक, मग आप्पाजी.

"लांब उभी राहा. सगळी दिसू दे."

फोन लिऊनं धरला. नीरजा उभी राहिली. येणारे-जाणारे थांबून बघू लागले.

"फिर. पाठ दाखव. हात वर कर. बोलताना करतेस तसा." आप्पाजींचा चेहरा पडद्याच्या एवढा जवळ आला की नुसता चष्माच उरला. "डावा मुंढा ओढतोय, बगलेशी. पाव इंच."

"इथं कुणाला दिसत नाही, आप्पाजी."

"मला दिसतोय. आलीस की सोडतो." मग चष्मा थोडा वळला. नीरजाच्या मागे भिंतीला आरसा होता, त्यात त्यांना फोन धरणारी दिसली असावी. "ती पोरगी उजवा खांदा का पाडून उभी आहे? जड पिशवी एकाच बाजूला लटकवते काय? विचार तिला."

नीरजानं विचारलं. लिऊनं आधी फोनकडे, मग आपल्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं. तिनं बॅग काढून खाली ठेवली, फोन नीरजाच्या हातात दिला आणि, कुणी काही सांगितलं नसताना, त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

पलीकडे आप्पाजींनी खडू शोधायला ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.